शिवम्माला धक्का बसलाय

५ जानेवारी
निलंग्यातल्या आरोग्य शिबिरात कागद मिळाला. अपघातानंतर मनाला बसलेला धक्का कसा ओळखावा: दचकणं, चिडणं, झोप मोडणं, प्रवास टाळणं. वाचताच बायको डोळ्यांसमोर आली. ऑक्टोबरात आमची काळीपिवळी जीप टायर फुटून उसात उलटली, तेव्हापासून शिवम्मा बदललीय. मी ठणठणीत. कपाळाला दोन टाके, बस्स.
उद्यापासून तिचं निरीक्षण.

६ जानेवारी, सकाळ
कुकरची शिट्टी झाली. मी कॉटखाली. (चप्पल शोधत होतो.) शिवम्मा ढिम्म! भावनाच गोठल्यात. केस सीरियस.

९ जानेवारी
आपल्या कापडदुकानात गिऱ्हाईकानं साडी फाट्कन झटकली. त्याला हाकललं. शिस्त म्हणजे शिस्त. शिवम्मा म्हणते, अहो, लई चिडून राहिलात. मी चिडत नाही, असं तीनदा ओरडून सांगितलं. तिला आवाज सहन होत नाही. नोंद केली.

१४ जानेवारी
नांदेडहून लेकीचा, सुकन्याचा फोन. नातीचं बारसं रविवारी. बसनं या म्हणाली. पण शिवम्माला बस झेपेल? मी चालत जायचं ठरवलं. पावणेदोनशे किलोमीटर, रोज पंचेचाळीस. पोटही उतरेल.

१५ जानेवारी
निघालो. दुसऱ्याच किलोमीटरला मागून ट्रकनं हॉर्न दिला. तुरीत आडवा झालो. शेतमालक चंद्रप्पानं बैलगाडीतून घरी आणून सोडलं. वाटेत म्हणाला, "मालक, अजून किती हळू हाणू?" हळू हाण, असं मीच सांगितलं होतं म्हणे. दहादा.

१९ जानेवारी, रविवार
दोघं बसमध्ये बसलो. इंजिन सुरू झालं आणि मी उतरलो. तिला एकटीनं प्रवासाचा सराव हवा. खिडकीतून बघत राहिली बिचारी.
बारसं स्टँडच्या बाकावरून मोबाईलवर पाहिलं. दामिनी नाव ठेवलं. सुकन्यानं विचारलं, "अप्पा, कुठं हाव?" रेंज नाही म्हणून कट केला. रेंज होती.

२२ जानेवारी
शिवम्माला डॉक्टरकडे नेलं. सगळी लक्षणं घडाघडा सांगितली. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, झोप मोडते का? ती म्हणाली, "हे ओरडून उठतात, मग माझी मोडते."
डॉक्टरबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. तुम्हाला काय होतं?
काही नाही म्हणालो. म्हणता म्हणता रडायलाच लागलो. साठीचा माणूस, हुंदके देऊन. शिवम्मानं पदर पुढं केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, याला इलाज आहे, वेळ लागेल.
केसपेपर शिवम्मानं बाहेरच काढून ठेवला होता. त्यावर नाव माझं.