लाल रेघ

सर, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे ते एका सॉफ्टवेअरवरून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मुद्द्यावर ये. येते. जळगावात मी एक वेबसाइट चालवते. खानदेशातली माणसं तिथे आपापलं लिहितात, कपाशीबद्दल, सासरबद्दल, चाळीसगावच्या स्टेशनवर चुकलेल्या गाडीबद्दल. बाकीचे वाचतात आणि खाली बोलतात, भांडतातही. ती ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहे ते बनवणाऱ्यांनी आता त्यातून हात काढून घेतला आहे. महिनाअखेरीपर्यंत सगळा संसार दुसरीकडे हलवायचा आहे आणि गेले दहा दिवस माझं डोकं भणभणतं आहे. जेवताना उठते, काहीतरी तपासते, परत बसते.

निवडायला दोन सॉफ्टवेअरं उरली आहेत. एक देखणं, मोबाइलवर लोण्यासारखं चालणारं. सगळं तेच सांभाळणार. दुसरं ओबडधोबड, आपणच बसवा, आपणच राखा, बिघडलं तर आपलंच कपाळ. तरुण मंडळी पहिल्यावर फिदा आहेत. मीही होते. चाचणीसाठी चार जणांना दिलं, त्यात चाळीसगावजवळच्या खेड्यातल्या एक अक्का. सत्तरीच्या आहेत, फोनवर बोटाने अक्षर अक्षर शोधून रोज लिहितात, आणि अर्धी माणसं साइटवर त्यांच्यासाठी येतात. अक्कांनी लिहिलं, 'मन्ही सून चांगली शे.' त्या देखण्या सॉफ्टवेअरने ते आपणहून प्रमाण मराठीत भाषांतर करून दाखवलं: माझ्या शंभर चांगल्या सुना. दोनशे-तीनशेतलं शे त्याला ठाऊक, आमच्या बोलीतलं, 'आहे'च्या अर्थाचं, नाही. अक्कांचा फोन आला. "अय माय, एक सून संभाळता नाकी नऊ उनात, अन तुन्हं मशीन माले शंभर दी ऱ्हायनं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग त्यांनी विचारलं, "पन हाई लाल रेघ कसानी शे? मन्हं बठ्ठंच चुकनं का?" सगळंच चुकलं म्हणावं तशी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती. ती बंद करायची सोय मी दोन दिवस शोधली. नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात. देवपूरची शाळा, शिक्षकांच्या खोलीतलं ते लांब टेबल. मी आठवीत आहे, पांझरा नदीपलीकडच्या खेड्यातून येते, आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी आजीवर लिहिलं आहे, आजी बोलायची तसं. तुम्ही लाल शाईचं पेन उघडता आणि एकेक शे खोडत जाता, सावकाश, अक्षरही न बिघडवता. वर आहे, आहे, आहे. मग मान वर न करता म्हणता, "घरची भाषा घरी ठेव, पोरी. उद्या लोक हसतील तेव्हा मी नसेन तिथे." मला राग आला होता, सर. अजूनही येतो. दहावीनंतर तुम्ही मला तुमचा स्वतःचा शब्दकोश दिलात, तेव्हाही मी तुमच्या पाया पडले ती त्या रागासकट. पण लोक खरंच हसले आणि तुमचं मराठी होतं म्हणून मी निभावले, हेही खोटं नाही. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

काल अक्कांचं नवं लिखाण आलं, त्या देखण्यात लिहून मग साइटवर टाकलेलं. एकही लाल रेघ नव्हती. 'माझी सून चांगली आहे. ती सकाळी लवकर उठते.' पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं, आणि त्याखाली बोलायला कोणी आलं नव्हतं. मी घाईने फोन केला, म्हटलं, अक्का, मशीनचं ऐकू नका, मी ते घेणारच नाहीये. त्या अगदी सहज म्हणाल्या, "मशीनना काय दोस, माय. तू बी ते मथळामा 'आहे'च करस. माले वाटनं, आठे तसंच लिखतस."

खरं आहे. मी करते. पहिल्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक मथळ्यातलं शे काढून मी आहे घातलं आहे, लोकांना पटकन कळावं म्हणून. त्यांना ते दिसत असेल, इथे असंच लिहायचं असं वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. खरं तर मी त्यांना कधी विचारलंच नाही.

ओबडधोबड तेच घेणार आहे, ते ठरलं. आज दुपारपासून त्यांचे जुने मथळे एकेक करून पूर्ववत करते आहे. मूळचं काय होतं ते काहींचं आठवत नाही, आणि अक्कांना विचारायला फोन उचलते तो परत ठेवते. हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. कारण आत्ता वरपासून वाचून पाहिलं. अक्कांच्या तोंडचं सोडलं, तर तुम्हाला खोडावं लागेल असं मी यात एक अक्षरही लिहिलेलं नाही.