ईडलिंबाची जिन

राहाता, १२ जानेवारी १९७४

तीर्थरूप दादांना नीलूचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फक्त दमले आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत ईडलिंबाच्या सालीची नवी जिन करताहेत. चव बघणारे जोशी आजारी पडले, म्हणून साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही चाखाल का?" मी चाखली. तोंडात धरून थुंकायची असते, काळजी नको. वास सुरेख होता, पण मागे कडवटपणा राहत होता. "सालीबरोबर आतला पांढरा भाग जातोय," मी म्हणाले. पुन्हा साली काढल्या, पुन्हा गाळली. संध्याकाळी उतरली ती खरंच छान होती, दादा. आधी ताज्या सालीचा झणका, मग जिभेवर थंडावा. साहेब खूश झाले. मला मात्र खोलीवर आल्यावर भाकरीचीही चव कळेना.

घरमालकीण बनुबाईंनी ताट वाढताना विचारलं, "पोरी, तुज्या अंगाला कसला वास येतोय?" मी खरं सांगितलं. त्या लांब सरकून बसल्या.

लग्नाचं बघायला आलेल्या काष्टीच्या पाहुण्यांना तुम्ही मी साखर कारखान्यात आहे एवढंच सांगितलंत. आता सगळं सांगून टाका. नकार आला तर येऊ दे. जन्मभर लपवत नांदायचं बळ माझ्यात नाही.

तुमची,
नीलू