भाकरीच्या डब्यातला जबाब

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पोलीस ठाण्यातल्या कागदाला हात लावला की मला आधी तुमची टपली आठवते. मी चौथीत होते. तुम्ही ठाण्याचे रायटर, जबाब लिहून लिहून बोटं कार्बनने निळी झालेली. घरी आणलेल्या गठ्ठ्यातलं एक पान मी रद्दी समजून आईला दिलं आणि तिने ते भाकरीच्या डब्यात तळाशी घातलं. तुम्ही जेवायला बसलात, शेवटची भाकर उचललीत, तर खाली आरोपीला द्यायची नक्कल. अर्ध्या जेवणावरून उठलात. मला टपली बसली, आईला काहीच बोलला नाहीत. वाफेने मऊ पडलेलं ते पान घेऊन तुम्ही जीप धरलीत आणि केजच्या कोर्टाकडे निघालात. "ज्याच्यावर आळ हाय, त्याला आदी कळाया पायजे कोन काय बोललंय," एवढंच म्हणालात.

ते वाक्य मला पाठ आहे. पण त्याच्या जोडीने दुसरंही आठवतं. कार्बनच्या सगळ्यात खालची, पुसट प्रत तुम्ही आरोपीसाठी काढून ठेवत होतात. त्याला हे वाचता येईल का, असं मी विचारलं, तर हसून म्हणालात, वाचील त्याचा वकील. मग मी तुमचं कोणतं धरू, आबा?

आता तुमच्याच ठाण्यात मी हवालदार आहे, कोर्टाचं काम माझ्याकडे. कार्बन गेला, झेरॉक्स आली, सगळी पानं सारखीच ठळक. एका मेंढपाळावर कालव्याच्या पाण्यावरून एकाचं डोकं फोडल्याचा आरोप आहे. दोन महिने झाले, तो आत आहे. एका म्हातारीचा जबाब मीच लिहिला. "त्या सांजंला त्यो माज्याच रानात मेंढरं बसवीत व्हता. दिस बुडल्यावर मीच त्याला भाकर-कोरड्यास दिलं." साहेब म्हणाले, तिला आपण साक्षीला बोलावणारच नाही, मग तिचा जबाब दोषारोपपत्राला लावता कशाला. मी म्हटलं, निदान न जोडलेल्या कागदांच्या यादीत तरी तिचं नाव लागतं ना. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुमी त्याच्या वकील हायत का बाई?" त्यांचं चूक म्हणावं तर ते इतके ठाम, बरोबर म्हणावं तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कायद्याचं पुस्तक उघडलं, तर डोक्यात आणखीच गुंता झाला.

मागच्या तारखेला त्याला नकला दिल्या, म्हातारीचा जबाब सोडून. तुम्ही आरोपीला एकेक पान मोजायला लावायचात आणि मगच अंगठा घ्यायचात, हे ठाण्यातले जुने लोक अजून सांगतात. त्यानेही बोट जिभेला लावलं. "मोजू का ताई?" असं विचारलं. मी म्हणाले, "समदी हायत. करा अंगठा." त्याने विश्वासाने केला, 'सर्व नकला मिळाल्या' याच्या खाली. तो अंगठा पोचेवर उमटला तेव्हा मला फार लाज वाटली, पण मी पोच घडी करून फाइलला लावली.

सोमवारी खटला उभा राहतोय. त्या जबाबाची एक झेरॉक्स मी घरी आणून ठेवलीय. त्याच्या वकिलाला द्यावी तर नोकरीवर गदा, न द्यावी तर म्हातारीचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. तुम्ही असतात तर टपली मारली असतीत. पण कशाबद्दल, पान दडवल्याबद्दल की ठाण्यातून आणल्याबद्दल, तेही मला कळत नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून शेवटचं सांगून टाकते. ते पान कपाटात नाही. आईच्या त्याच डब्यात तळाशी घातलंय. चार दिवस झाले, मी त्याच्यावर भाकरी ठेवते, आणि शेवटची भाकर काही उचलत नाही.