मुद्देमालातली शिडी

तीर्थरूप मामा यांस,

थोरल्या जावयाचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण कपाळाचे टाके नुकतेच निघाले आहेत आणि वाकलं की भुवई ओढते, तेव्हा या खेपेला उभ्याउभ्या केलेलाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज येतो म्हणत होतात. आवाज येऊ दे, पण जिना सारखा चढू नका. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. फोन न करता पत्र का, असं तुम्ही मनात म्हणाल. तर फोन मी सुरू करतो आणि मधेच तुमची थोरली तो माझ्या हातातून घेते, आणि पुढचं सगळं तुमच्या गुडघ्यावर जातं.

मुख्य गोष्ट अशी की तुमच्या धाकट्या जावयावर मी फौजदारी केस केली आहे. घाबरू नका. तुमच्या कानावर थोडंफार आलंच असेल, पण दोघी बहिणींनी सांगितलेलं एकत्र केलं तर मी मेलो आहे आणि तो परागंदा झाला आहे असं निघतं, आणि यातलं काहीही खरं नाही. (या दोघी आमच्यामुळे एकमेकींशी बोलत नाहीत असं आम्ही दोघं समजून चाललो होतो. त्या रोज बोलत होत्या. आम्हालाच कोणी सांगितलं नाही.)

झालं ते असं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम होतं, रंग माझा आणि वायरिंग त्याचं. आमचं भांडण तुम्हाला ठाऊक आहेच, ते माणसांचं नाही, धंद्याचं आहे. वायरमननं आधी भिंत फोडायची आणि रंगाऱ्यानं मागाहून रंगवायची हे सगळ्या जगाला कळतं, फक्त माझ्या साडूला कळत नाही. मी भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, दुसरा हात मारून ब्रश धुवायला वळलो की हा छिन्नी घेऊन हजर, एक पॉइंट राहिलाय म्हणून. त्या दिवशीही तसंच. बाहेरच्या खोलीची भिंत मी आरशासारखी केली होती आणि त्यानं मधोमध खाच पाडली. तेवढंही मी गिळलं असतं. पण मग त्यानं वरचा दिवा लावायला शिडी मागितली, आणि मला तेव्हाच छताचा कोपरा करायचा होता. मागितली म्हणजे काय, ओढलीच. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तो म्हणतो शिडी माझी आहे, मी म्हणतो माझी आहे. पुढचं मला दिसलं नाही, कारण शिडी माझ्या कपाळावर आली होती. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन दातात धरायचा कापूस कपाळावर दाबला आणि सवयीनं मला तोंड उघडायला सांगितलं. मीही उघडलं.

टाके घालून घेतले आणि तसाच पोलीस चौकीवर गेलो. मामा, माझा हेतू एवढाच होता की एखाद्या खाकीवाल्यानं त्याला बोलावून चार शब्द सुनवावेत. पण त्या हवालदारांचं अक्षर फार सुंदर, आणि मी बोलत गेलो तसे ते लिहीत गेले, आणि त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मलाच माझी इतकी कीव आली की मी सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी साडू आरोपी झाला, मी फिर्यादी झालो आणि शिडी मुद्देमाल झाली. मुद्देमाल म्हणजे ज्या वस्तूनं गुन्हा घडला ती वस्तू. दोन शिपाई ती गाडीवर आडवी चढवायची की उभी यावरून एकमेकांशी भांडत होते, आणि माझ्या तोंडावर आलं होतं की बाबांनो, जपून, असंच आमचं सुरू झालं.

मग कळलं की साडूच्या लायसनची मुदत संपत आली आहे आणि अंगावर केस असेल तर ते पुन्हा मिळणं मुश्कील. लायसन गेलं की तो वायरमन राहत नाही, नुसता पक्कड घेऊन हिंडणारा माणूस राहतो. हे कळल्यावर मला रात्रीचं जेवण जाईना. तुमची थोरली म्हणाली, मग घ्या मागे. पण फौजदारी केस म्हणजे वाळत घातलेला शर्ट नव्हे, मनात आलं आणि काढून घेतला. शिवाय मी मागे घ्यायची म्हणजे चूक माझी होती असा अर्थ झाला असता, आणि टाके तर माझ्या कपाळाला होते.

तारखेला कोर्टात गेलो. साहेबांच्या पुढे काय बोलायचं ते मी आरशासमोर पाठ केलं होतं, हातवाऱ्यांसकट. साहेबांनी कागद पाहिले, आमच्याकडे पाहिलं, नातं विचारलं, आणि म्हणाले की हे प्रकरण मध्यस्थीला पाठवतो. मी वकिलांना हळूच विचारलं की मी जिंकलो का. ते म्हणाले नाही. हरलो का? तेही नाही. मग काय झालं म्हटलं, तर म्हणाले दुसऱ्या मजल्यावर जा.

दुसऱ्या मजल्यावर पिंजरा नाही, उंच खुर्ची नाही. एक गोल टेबल, पाण्याचा जग आणि नाक पुसायच्या कागदांचा डबा. गोल टेबलाची पंचाईत अशी की त्याला समोरची बाजू नसते. मी साडूच्या समोर म्हणून जिथं जिथं बसायला गेलो तिथं तिथं मी त्याच्या शेजारीच निघालो. मध्यस्थ म्हणून एक बाई होत्या, केस पांढरे, आवाज शांत. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की इथं कोणी फिर्यादी नाही आणि कोणी आरोपी नाही. मी म्हटलं, बाई, मग हे कपाळ कोणाचं? त्या म्हणाल्या, तेच आपण शोधू. (मला अजून कळलेलं नाही त्या काय म्हणाल्या, पण त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही हे पाहून बरं वाटलं. इथलं बोलणं गुप्त असतं असंही त्या म्हणाल्या. तुम्ही घरचे आहात म्हणून लिहितो आहे.)

आधी त्यांनी एकेकाला वेगळं घेतलं. मी मनातलं सगळं ओकलो. शेवटी त्यांनी विचारलं की यातलं साडूंना काय सांगू आणि काय सांगू नको? मामा, मला असं आजवर कोणी विचारलेलं नाही. आपल्या घरात तर खाजगीत बोललेलं सगळ्यात आधी पोचतं.

मग दोघांना पुन्हा बसवलं आणि म्हणाल्या, आता झालेली गोष्ट परत सांगा, पण साडूंनी कशी पाहिली तशी. मला वाटलं यात काय अवघड आहे, याची नक्कल तर मी गेली कित्येक वर्षं जेवताना करतो. सुरुवात केली. मी वायरमन, सकाळपासून उपाशी, डॉक्टरीणबाई दर घटकेला विचारतात दिवा कधी लागणार, वर तारा उघड्या लोंबताहेत, खालून माणसं जाताहेत, आणि हा रंगारी एका कोपऱ्यासाठी शिडी अडवून बसला आहे. बोलता बोलता मला त्या रंगाऱ्याचा असा संताप आला की विचारू नका. कोपरा काय पळून जाणार होता? तसाच पुढं निघालो, की मी शिडी धरली आहे, आणि हा ओढतो आहे, आणि ओरडतो आहे सोड, सोड. आणि तिथं मी साडूकडे पाहिलं. कारण सोड, सोड म्हणून खरंच मीच ओरडत होतो, मामा. आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

मग त्याची पाळी. तो मी झाला. भिंत घासून घासून कशी हात फिरवावा अशी केली होती, खाच पाहून धुतलेला ब्रश हातात तसाच कसा राहिला, हे त्यानं असं सांगितलं की मीच त्या कागदाच्या डब्याकडे हात नेला. पुढं म्हणाला, कपाळातून रक्त आलं, मी खाली बसलो, आणि ज्याच्याबरोबर इतकी वर्षं कामं केली तो वळला आणि बाहेर निघून गेला. मग टेबलाकडे बघत आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मला रक्त बघवत नाही. जिन्यात बसलो होतो. पळालो नव्हतो."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. चौकीवर मी गेलो तो शिडी लागली म्हणून नव्हे. डोळ्यात रक्त उतरत होतं आणि मी त्याला हाक मारत होतो आणि तो आला नाही, याचं मला फार लागलं होतं. हवालदारांच्या सुंदर अक्षरात हे कुठंच आलं नव्हतं, कारण मी ते सांगितलंच नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं की नाही? तर उलटंच झालं. मी म्हटलं चूक माझी. तो म्हणाला माझी. मी म्हटलं शिडी मी ओढली, तो म्हणाला सोडली मी. मी म्हटलं टाके माझे आहेत, चूक कोणाची ते मी ठरवणार. तो टेबलावर हात आपटून म्हणाला की प्रत्येक गोष्टीत तूच कसा पुढं. दारातून शिपाई डोकावला. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं की तू फिर्यादी का आरोपी, तर मला सांगता आलं नसतं, आणि अजूनही नीट येत नाही.

तरी बाईंनी सगळं मार्गी लावलं. आधी वायरिंग मग रंग, हे कलम मान्य. (साडूनं एका पॉइंटची सवलत मागितली, ती मी नाकारली.) माझी तक्रार राहिलेली नाही हे कलम मान्य, म्हणजे त्याचं लायसन वाचलं. शेवटी त्यांनी सहज विचारलं, की केस मिटली की कोर्ट मुद्देमाल मालकाला परत देईल, तर ही शिडी कोणाची?

मामा, आम्ही दोघं एकदम बोललो. "मामांनी मला दिली."

मला तुम्ही सुतारकामाची शेड बंद करताना मागच्या बाजूला घेऊन म्हणाला होतात, ही शिडी मी हातानं केली आहे, तुला देतो, धाकट्याला बोलू नकोस, त्याला वाईट वाटेल. त्याला तुम्ही गाडीत बसताना खिडकीतून म्हणालात, शिडी तुझी, थोरल्याला बोलू नकोस, त्याला वाईट वाटेल. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचे सासरे घरातली भांडणं मिटवतात का? आम्ही अभिमानानं हो म्हटलं. त्या म्हणाल्या, वाटलंच.

आणि आता पेच असा, की मी म्हणतो शिडी त्यानं घ्यावी आणि तो म्हणतो मी. बाईंचं म्हणणं, काहीही अर्धवट ठेवून मी सही घेणार नाही, नाहीतर वर्षाच्या आत दोघं परत याल. पुढच्या बैठकीत ठरलं नाही तर कागद परत साहेबांपुढे जातील, साडू पुन्हा पिंजऱ्यात, आणि त्याच्या लायसनची तारीख तोंडावर आली आहे. म्हणजे तुमच्या धाकटीचा सगळा संसार सध्या त्या शिडीवर उभा आहे, आणि शिडी पोलिसांच्या खोलीत.

थोरलीचा नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
थोरला जावई

ता.क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. बाईंनी तुम्हाला बोलावलं आहे. सोमवारी बैठक आहे, रविवारी या. जिना दोन मजल्यांचा आहे, आम्ही दोघं दोन बाजूंनी धरू. आणि हात जोडून विनंती, या खेपेला कोणालाही बाजूला घेऊ नका. जे सांगायचं ते दोघांना एकदम, टेबलावर सांगा.

ता.क. दुसरा. साडू इथंच आला आहे, आत्ता आत पाणी प्यायला गेला म्हणून घाईनं लिहितो. शिडी त्याचीच म्हणून सांगा. मला लांब दांड्याचा रोलर चालतो, त्याला वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि हल्ली तो स्टुलावर खुर्ची ठेवून चढतो असं धाकटी म्हणाली. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नका.

मामा, धाकट्या जावयाचा नमस्कार. पाकीट चिकटवून टपालात टाकायचं काम माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. स्टुलाचं खोटं आहे, खुर्ची एकदाच ठेवली होती. शिडी त्याचीच म्हणून सांगा. कपाळाला लागल्यापासून वर चढलं की त्याला गरगरतं, तो घरी सांगत नाही, आणि तुमच्या शिडीइतकी न हलणारी दुसरी मिळायची नाही. मी लिहिलं हे त्याला बोलू नका, त्याला वाईट वाटेल. खालून धरायला मी असेनच, आणि तो कितीही ओरडला तरी सोडणार नाही.