घामाचे चार किलो

५ फेब्रुवारी
नाही म्हणाले! म्हणजे अगदीच नाही असं नाही — "आधी चार किलो कमी करा, मग तुमची किडनी भावाला देता येईल का ते बघू. तीन महिने घ्या, घाई नको." डॉक्टरांना काय जातंय सांगायला! धाकट्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जुंपतात. हाताची नुसती चाळण झालीय. तीन महिने म्हणे!

आज एक्क्याऐंशी किलो. सोळा तारखेला परत जाणार, आणि सत्त्याहत्तर करूनच जाणार.

७ फेब्रुवारी
लॉन्ड्रीतल्या नोकरीचा एकदाचा उपयोग झाला. धुतलेल्या कोटांवर घालतो ती प्लास्टिकची कव्हरं — दोन घेतली, कपड्यांच्या आत अंगाला गुंडाळली आणि दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी राहिले. घामाच्या नुसत्या धारा! मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, चालताना हे कुरकुर काय वाजतंय?" म्हटलं, गुडघे. सव्वा किलो उतरलं!

८ फेब्रुवारी
काल घरी येऊन घटाघटा पाणी प्यायले. सकाळी किलोभर परत! ठीक आहे. मग पाणीच बंद. घसा ओला करण्यापुरता घोट, बस.

११ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. जीभ टाळूला चिकटतेय. पण धाकट्याला तरी दिवसाला दोनच ग्लास पाणी मिळतं. किडनीच चालत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठे! बर्फाचा खडा चघळत बसतो बिचारा. त्याला जमतं तर मला का नाही? आई म्हणायची, ही एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंसुद्धा ऐकायची नाही.

१५ फेब्रुवारी
अठ्ठ्याहत्तर. उद्या सकाळपर्यंत एक थेंब नाही.

१६ फेब्रुवारी
शहात्तर पूर्णांक आठ! काट्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी हसत होते. तपासायला रक्तही देऊन आले. जिंकले!

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. "वजन बसतंय. पण रक्तात तुमच्याच किडनीवर ताण आलेला दिसतोय. असं असताना ती घेता येणार नाही. पाणी पिता की नाही?"

धाकटा शेजारीच बसला होता. मग सगळं सांगून टाकलं त्याला — कव्हरं, वाफ, सगळं.

"वेडी आहेस का ताई? मशीन दर खेपेला माझ्या अंगातून अडीच किलो पाणी काढतं. मला कुणी कधी म्हणालं, वा, बारीक झालास?"

हसू आलं, मग रडू. शरम वाटली. त्याच्यासाठी केलं आणि त्याच्याच वाटेत धोंडा घातला!

डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या, महिन्याने रक्त परत तपासू. वजन सावकाश.

१८ फेब्रुवारी
साडेएकोणऐंशी. कव्हरं फेकली. कामावर चालत गेले, चालतच आले. तीन महिने तर तीन महिने. देणार म्हणजे देणार!

२० फेब्रुवारी
दिवसाला दहा ग्लास. प्रत्येक ग्लास धाकटा स्वतः भरून आणतो, समोर बसतो आणि शेवटच्या घोटापर्यंत बघत राहतो. त्याचे दोन सकाळीच संपलेले असतात.