म्हातारपण मिळालं

३ ऑगस्ट

वाचनालयाच्या कार्यक्रमात एक कविता वाचायची आहे. ग्रंथपालबाईंनी झेरॉक्स हातात कोंबली. "तुमच्याशिवाय कोण वाचणार? रेडिओवरचा आवाज!" म्हणे आवाज! तो माझ्याबरोबरच निवृत्त झाला.

पहिल्याच ओळीला ठेच —
'आईला म्हातारपण मिळालं.'

मिळालं? म्हातारपण येतं. मिळते ती नोकरी, रजा, फार तर बक्षीस.

५ ऑगस्ट

पुढेही तेच. 'गुडघे मिळाले, कुरकुरणारे. चष्मा मिळाला, हरवायला.' ताईला फोनवर वाचून दाखवली. "छापताना चुकलं असेल गं." दर ओळीत?

मग गाडी आमच्या आईवर घसरली. चष्मा कपाळावर चढवून ती घरभर शोधत फिरायची, आणि आम्ही दोघी मुद्दाम सांगायचो नाही. सापडला की दोघींच्या पाठीत एकेक धपाटा! ताईला हसता हसता ठसका लागला. फोन ठेवला आणि घर एकदम गप्प झालं.

६ ऑगस्ट

कळलं! टोमणा आहे. 'काय छान गुडघे मिळाले हो!' — त्या चालीत.

९ ऑगस्ट

तालीम झाली. प्रत्येक 'मिळालं' नाक मुरडून वाचलं. हशाच हशा! ग्रंथपालबाईंना खुर्चीत बसवेना. कितीतरी वर्षांनी असं कुणीतरी माझ्या आवाजावर हसलं. चालतच घरी आले.

१० ऑगस्ट

एक कडवं मात्र त्या सुरात बसत नाही.

'एकच गोष्ट ती तीनदा विचारते.
मी तीनदा सांगते.
तीनदा!'

हा उद्गार कुठला? वैतागाचा म्हणावा, तर जीभ वळत नाही. आई शेवटी शेवटी सारखं विचारायची, "दाराला कडी लावलीत का?" बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "लावली." दर वेळी तितक्याच शांतपणे. बाबा गेले, आणि तिने विचारणंच सोडलं. कडी लावताना आजही कान मागे असतो.

मग टोमणा मारणारी मुलगी हे कडवं का लिहील?

१४ ऑगस्ट

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कवयित्री भेटायला आली. जेमतेम पंचविशीची पोर. मी हसतच विचारलं, "काय म्हणतात आईचे गुडघे?"

तीही हसली. "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, मावशी. ती एकतीसची. म्हातारपण काही मिळालं नाही तिला. म्हणून मी दिलं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पहिल्या 'मिळालं'ला आवाज फुटला. सावरला. मग सगळी कविता आनंदाने वाचली.