माडीवरच्या खोलीतल्या रिसीव्हरबाबत

मी, गुडिमेटला सत्यप्रसाद, वय एकाहत्तर, धंदा कोळंबीपालन, राहणार भीमावरम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने डॉक्टर मस्तान वलींना विचारावं. ते साक्षीसाठी समोरच बसलेत आणि माझ्याच घरचे तळलेले पुनुगुलू खाताहेत.

कलम १. राहतं घर व दोन्ही तळी माझी एकुलती एक मुलगी हिमबिंदू हिला. कारभार तिचा नवरा फणींद्र याने पाहावा, पण कोळंबीच्या विक्रीच्या दिवशी वजनकाट्यापाशी हिमबिंदूने स्वतः उभं राहावं. का, ते त्याला कळेल.

कलम २. धाकटा भाऊ वेंकटरत्नम याला त्याने नेलेला पाण्याचा पंप. तसाही तो परत देणार नव्हताच.

कलम ३. माडीवरची पडद्याची खोली. हे नीट वाचावे. प्लेयर, रिसीव्हर आणि प्रोजेक्टर अशी तीन यंत्रे तारांनी एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येकाला चित्र साफसूफ करायची खोड. तिघांनी हात घातला की माणसाचं तोंड मेणाचं होतं. म्हणून माझा नियम असा, की सफाई एकट्या प्रोजेक्टरने करायची, तीही बेताची. बाकी दोघांनी आलेलं चित्र जसंच्या तसं पुढे धाडायचं.

या खोलीत मी एकच चित्रण बघतो, हिमबिंदूच्या ओणीच्या समारंभाचं. मुलगी वयात आली, तिला पहिल्यांदा ओणी, म्हणजे अर्धी साडी, नेसवायची म्हणून माझी बायको माणिक्यम अंथरुणातून उठून आली होती. दोन महिन्यांनी गेली. कॅमेरा माझ्या हातात होता. ती माझ्याकडे बघून हसते, तेव्हा ओठाच्या कडेला बारीकशी मुरड पडते. तेवढ्यासाठी मी खोली बांधली.

गेल्या वर्षी ती मुरड दिसेनाशी झाली. कोणीतरी रिसीव्हरची सफाई चालू करत होतं. मी बंद करायचो, पुन्हा चालू! संशय अर्थातच फणींद्रवर. "मामय्या, एवढं महागाचं यंत्र घेतलंत, आणि त्याला नुसती हमाली करायला लावता?" हे त्याचेच शब्द. म्हणून यंदाच्या संक्रांतीला मी रिमोटच्या बटणाला काजळ फासून ठेवलं आणि जेवताना जावईबापूंची बोटं निरखली. पठ्ठ्याचे हात स्वच्छ. वरण वाढणाऱ्या हिमबिंदूचा अंगठा काळा.

"तू?"

"हो नान्ना, मी."

"अगं, अम्मा बाहुलीसारखी दिसते त्यात!"

"बरी दिसते. गाल भरल्यासारखे वाटतात. तुमच्या चित्रात मला तिचं दुखणंच दिसतं हो. तुम्हाला ती आधीची आठवते. मला नाही आठवत."

फणींद्र खाली मान घालून भात कालवत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, असा माझा वहीम आजही कायम आहे.

सबब, ही खोली कायमची कुलूपबंद ठेवावी असं मी आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं, ते रद्द. खोली यंत्रांसकट हिमबिंदूला. माझ्यामागे तिने बटण हवं तसं ठेवावं आणि आईला बरी करावी.

मी आहे तोवर मात्र नियम माझाच. फक्त गुरुवारी मी दिवसभर तळ्यावर असतो, तेव्हा खोलीला कुलूप नसेल. खाली उतरताना तिने सफाई बंद करावी. मी तपासणार आहे.

हे लिहिलेलं मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: गुडिमेटला सत्यप्रसाद
साक्षीदार: १. डॉ. शेख मस्तान वली २. कोम्मिनेनी वरदाराव, औषधविक्रेते
ठिकाण: भीमावरम
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५